किल्लीतले तीन ग्रॅम

किल्लीने प्राण सोडला तेव्हा तिच्याभोवती सात माणसं हजर होती आणि सातही जणांना तिचा आजार ठाऊक होता. असं भाग्य माणसांच्याही वाट्याला क्वचित येतं.

शनिवारची सकाळ होती. इमारतीच्या पार्किंगमध्ये धाकटे आपल्या गाडीसमोर उभे राहून बटण दाबत होते. ही किल्ली जुन्या काळची दातेरी नव्हे. काळी, गुळगुळीत, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीएवढी वस्तू. लांबून बटण दाबलं की गाडीने दिवे मिचकावून ओळख दाखवायची, मग आत बसून दुसरं बटण दाबायचं की इंजिन सुरू. आज गाडीने ओळख दाखवली नाही. धाकट्यांनी जवळ जाऊन दाबलं, लांब जाऊन दाबलं, गाडीकडे पाठ करून सहज दाबल्यासारखं दाबलं. गाडी लग्नात रुसलेल्या आत्यासारखी समोर बघत राहिली.

धाकटे चव्वेचाळीस वर्षांचे होते. डोक्यावरचे निम्मे केस गेले होते आणि पाणीपुरवठा कार्यालयातल्या तक्रार कक्षाचे ते प्रमुख होते. 'आपली तक्रार योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात आली आहे' हे वाक्य त्यांनी आयुष्यात जितक्या वेळा लिहिलं तितक्या वेळा स्वतःची सहीही केली नसेल. तरीही इमारतीत सगळे त्यांना धाकटेच म्हणत, कारण थोरले अजून होते आणि त्याच घरात होते.

थोरले म्हणजे त्यांचे वडील, निवृत्त वजनमापे निरीक्षक. चौतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासले. निवृत्तीनंतर तराजू गेला, पण तळहात राहिला. साखरेची पुडी हातात घेऊन ते म्हणायचे, "चाळीस ग्रॅम कमी आहे." परत नेऊन मोजली की तूट अडतीस भरायची. "वरचे दोन पिशवीचे," थोरले सांगायचे. आसपासचे दुकानदार त्यांना येताना पाहिलं की आपण होऊन चिमूटभर जास्त टाकत.

ही गोष्ट अख्ख्या पेठेला माहीत होती. घरात जन्मलेला एकुलता एक मुलगा ती नेमकी एका दिवशी विसरला. ती हकीकत आधी सांगायला हवी, कारण किल्लीचं सगळं दुखणं तिथून सुरू होतं.

वर्षभरापूर्वी थोरल्यांना काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसायचं, बाजूचं दिसेनासं झालं होतं. डोळ्यांत थेंब घालून त्यांना आतल्या खुर्चीवर बसवलं आणि डॉक्टरांनी धाकट्यांना दाराशी नेऊन सांगितलं, "यांनी आता गाडी चालवायची नाही. तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतील."

डॉक्टरांना डोळ्यांतलं कळत होतं, घरातलं नव्हतं. गाडी थोरल्यांनी घेतलेली. तिच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्यांनी गाडी आली त्याच दिवशी शर्टाच्या खिशात घातली होती, ती रात्री उशीखाली आणि दिवसा परत खिशात असायची. त्या माणसाला 'बाबा, किल्ली द्या' असं म्हणायचं. धाकटे घरी आले, जेवले, तोंड उघडलं आणि म्हणाले, "आज आमटी छान झालीये." दुसऱ्या दिवशीही त्यांनी आमटीचंच कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी थोरले आंघोळीला गेलेले असताना त्यांनी खुंटीवरच्या शर्टातून किल्ली काढली, नखाने उघडली, आतला नाण्याएवढा सेल काढून घेतला आणि किल्ली बंद करून जागच्या जागी ठेवली.

झालं. ना वाद, ना रडारड. थोरले किल्ली बाळगणार, किल्ली चालणार नाही, दोघांचाही मान राखला जाणार. धाकट्यांना स्वतःच्या मुत्सद्दीपणाचं इतकं कौतुक वाटलं की ते बायकोला सांगितल्याशिवाय राहवेना. "कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले. बायको म्हणाली, "मी कुणाला सांगणार?"

थोरल्यांनी कधीच काही विचारलं नाही. गाडी चालवायलाही मागितली नाही. शनिवार-रविवारी धाकटे गाडी बाहेर काढत, बाकीचे पाच दिवस बसने ऑफिसला जात. शेजाऱ्यांच्या गाड्या चार दिवस उभ्या राहिल्या की त्यांच्या बॅटऱ्या बसायच्या, पण धाकट्यांची गाडी पहिल्या झटक्यात सुरू व्हायची. याचं श्रेय ते आपल्या हाताला देत. कधी सीट थोडी मागे सरकलेली असायची, कधी रेडिओ जुन्या गाण्यांवर लावलेला असायचा. गाडी जुनी झाली की असं होतं, असं ते म्हणायचे. आणि थोरल्यांना उतारवयात एक नवी सवय लागली होती. आंघोळीला जाताना ते शर्ट आत घेऊन जायचे.

तर, शनिवारची सकाळ.

"सेल गेला असेल," तिसऱ्या मजल्यावरचे इंजिनियर म्हणाले. हे आयुष्यभर लिफ्टच्या खात्यात होते आणि इमारतीची लिफ्ट सोडून बाकी सगळं दुरुस्त करत.

"सेल महिन्यापूर्वीच घातलाय," धाकटे म्हणाले. कुठला घातला ते म्हणाले नाहीत. त्यांच्या किल्लीचा सेल महिन्यापूर्वी मंदावला तेव्हा त्यांना पेनांच्या डब्यात पडलेला वडिलांचा सेल आठवला होता. चांगली वस्तू वाया कशाला घालवायची?

"हनुवटीखाली धरून दाबा," पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोक्यात पाणी असतं, त्याने सिग्नल वाढतो. तोंड उघडा."

धाकट्यांनी किल्ली हनुवटीला लावली आणि आ केला.

"आणखी."

"आणि डोक्यात पाणी नसलं तर?" सोसायटीच्या सेक्रेटरींनी अभ्यासू चेहऱ्याने विचारलं. सेक्रेटरींना या प्रकरणात रस असण्याचं कारण फळ्यावर लावलेलं होतं. पुढच्या रविवारी पार्किंगच्या फरशीला रंग लागणार होता. शनिवारी रात्रीपर्यंत सगळ्या गाड्या बाहेर हव्यात, न हलवल्यास गाडी मालकाच्या खर्चाने उचलून नेण्यात येईल. खाली सेक्रेटरींची सही होती आणि सहीखाली दोन रेघा होत्या.

भरल्या पार्किंगमध्ये तक्रार कक्षाचा प्रमुख तोंड वासून एका गाडीसमोर उभा आहे, हे दृश्य दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी मोबाइलवर टिपलं. गाडी ढिम्म.

मग इंजिनियरांनी शोध लावला की किल्लीच्या पोटात एक बारीक, लोखंडी, खरीखुरी किल्ली दडलेली असते. ती काढली, दाराला लावली, दार उघडलं आणि गाडीने असा काही टाहो फोडला की समोरच्या इमारतीतली माणसं सज्जात आली. आपल्याच गाडीने आपल्याला चोर म्हणावं, तेही सात साक्षीदारांसमोर, हा अनुभव सांगून कळणार नाही. दार लावलं की ती गप्प बसायची, हात लावला की परत सुरू. शेवटी सगळे तिच्यापासून चार पावलं लांब उभे राहून हळू आवाजात बोलू लागले.

"आत गंज असेल," इंजिनियर म्हणाले. "आणा इकडे, मी साफ करून देतो."

नको म्हणायची ती शेवटची संधी होती. पण नको म्हणता येत असतं तर ही गोष्टच घडली नसती. इंजिनियरांनी बायकोची नखांचा रंग काढायची बाटली आणली, कापसाचा बोळा बुडवला आणि किल्लीचं पोट अगदी मन लावून पुसलं. बटणांचं रबर आधी मऊ झालं, मग चिकट झालं, मग हाताला लागून आलं. आतली एक मुगाएवढी चिप निघून इंजिनियरांच्या अंगठ्याला चिकटली. त्यांनी ती जिथली वाटली तिथे दाबून बसवली.

"आता नवा सेल टाका," ते म्हणाले.

नवा सेल टाकला. त्याआधी किल्ली आजारी होती. आता सुटली.

रात्री जेवताना थोरल्यांनी विचारलं, "किल्लीचं काय झालं रे?"

"होईल, बाबा."

"काही लागलं तर सांग," थोरले म्हणाले आणि शर्टाच्या खिशावरून हात फिरवून वाढून घेतलेली भाजी खाऊ लागले.

बायकोने धाकट्यांकडे पाहिलं. धाकट्यांनी भाजीचं कौतुक केलं.

सोमवारी रजा टाकून ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे गारवा होता, कॉफीचं यंत्र होतं, आणि काऊंटरमागे टाय लावलेला एक तरुण होता, त्याच्या छातीवर 'ग्राहकमित्र' असं लिहिलेलं होतं. ग्राहकमित्राने किल्ली कागदी रुमालावर ठेवून पाहिली. पोस्टमॉर्टेम करणाऱ्याच्याही चेहऱ्यावर थोडी आशा असते.

"सेल संपला होता का सर?"

"बहुतेक."

"मग किल्ली नुसती स्टार्टच्या बटणाला टेकवायची. सेल नसला तरी गाडी सुरू होते. मॅन्युअल, पान एकशे बारा."

धाकट्यांना काहीतरी खटकलं. पण ते सोमवारच्या त्या क्षणी इतर गोष्टींनी इतके गांजलेले होते की काय खटकलं ते त्यांनी पाहिलं नाही. "मग आता टेकवतो," ते म्हणाले.

"आता नाही होणार सर. हिची चिप उलटी बसवलीये आणि वितळलीयेही. कोणी केलं हे?"

"एका तज्ज्ञाने," धाकटे म्हणाले.

ग्राहकमित्राने नवीन किल्लीच्या खर्चाचा अंदाज छापून दिला. धाकट्यांनी आकडा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. पगाराचा पाऊण हिस्सा होता.

"यात गाडी पण येते का?"

"गाडी तुमच्याकडे आहे ना सर?"

"आहे. आत जाता येत नाही."

ग्राहकमित्र हसला नाही. त्याने फॉर्म पुढे केला. नवी किल्ली कोणत्या कारणाने हवी, त्याच्यापुढे दोन चौकटी होत्या: 'हरवली' आणि 'चोरीस गेली'.

"बिघडली, अशी चौकट नाहीये."

"बिघडत नाहीत सर आमच्या."

"मग हे काय आहे?"

"ते आम्ही मानत नाही. हरवलीवर खूण करा आणि पोलिसांचा दाखला आणा. शनिवारी सकाळी आमचा माणूस घरी येऊन नवी किल्ली जोडून देईल. तेव्हा दुसरी किल्लीही तिथे लागेल. जी किल्ली हजर नसेल ती गाडीच्या आठवणीतून कायमची पुसली जाते."

"कायमची?"

"गाडी तिला परत कधीच ओळखणार नाही."

बसमधून परतताना धाकटे खिडकीबाहेर बघत राहिले. दुसरी किल्ली हजर करायची म्हणजे बाबांकडे मागायची. मागितली की तंत्रज्ञ ती उघडून बघणार, आत सेल नाही हे बाबांसमोर निघणार. आणि न मागावी तर? ती पुसली जाईल. मेलेली किल्ली आणखी एकदा मरेल. बाबांना कधी कळणारही नाही, ते तिला तसेच खिशात घेऊन फिरतील. यासाठी काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात धाकट्यांचा एक वर्षाचा अनुभव होता. सगळं इतकं सोपं होतं की त्यांचा स्टॉप मागे पडला तरी त्यांना कळलं नाही.

मंगळवारी पोलीस ठाणं. टेबलामागचे जमादार नाकावर चष्मा ठेवून लिहीत होते.

"काय हरवलं?"

"किल्ली."

"कुठे हरवली?"

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने पूर्वतयारी करावी. धाकट्यांनी विचार करताना हात खिशात घातला आणि सवयीने किल्ली काढून टेबलावर ठेवली. जमादारांनी किल्लीकडे पाहिलं, मग धाकट्यांकडे.

"ही कोणती?"

"तीच."

"सापडली का मग? अभिनंदन."

धाकट्यांनी चौकटींचा सगळा प्रकार सांगितला. जमादारांनी शांतपणे ऐकून घेतलं. "साहेब, तुम्ही भले माणूस दिसता. पण वस्तू समोर असताना ती हरवली असं मी लिहिलं तर उद्या मला चष्म्याचा नंबर तपासायला पाठवतील. तुम्ही एक करा. हरवून या."

"कुठे?"

"ते आम्ही कसं सांगणार? कुठे हरवली हे माहीत असलं तर ती हरवलेली नसते."

म्हणून बुधवारी तक्रार कक्षाचे प्रमुख अर्धी रजा टाकून किल्ली हरवायला बाहेर पडले. पहिल्यांदा ती त्यांनी बसथांब्यावरच्या बाकावर ठेवली आणि न बघता चालू लागले. शंभर पावलांवर मागून हाका आल्या. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेतलेल्या एक आजीबाई धापा टाकत पळत आल्या होत्या. "अरे बाबा, केवढ्याला पडते माहितीये का ही? माझ्या जावयाची हरवली तर महिनाभर घरात कुणी बोलत नव्हतं." धाकट्यांनी आभार मानले आणि पिशव्या त्यांच्या दारापर्यंत पोचवून दिल्या. दुसऱ्यांदा बागेतल्या कचऱ्याच्या पेटीत टाकली. झाडलोट करणाऱ्या माणसाने ती काढली, पाण्याने धुतली, पुसली आणि फाटकाशी गाठून हातात दिली. वर म्हणाला, "जरा लक्ष ठेवत जा. घरचे काळजी करत असतील."

जगात इतका प्रामाणिकपणा शिल्लक असल्याचं त्या दिवशी धाकट्यांना समजलं, आणि त्याचा त्यांना आनंद झाला नाही. उलट घरी जाताना त्यांना वाटत राहिलं की या दोन अनोळखी माणसांनी जे पळत येऊन परत दिलं, तसलं काहीतरी आपण पेनांच्या डब्यात वर्षभर ठेवलं होतं.

"किल्लीचं काय झालं रे?" थोरल्यांनी जेवताना विचारलं.

"चाललंय."

"काही लागलं तर सांग." हात परत खिशावरून फिरला.

गुरुवारी जमादारांनाच दया आली. त्यांनी स्वतःच्या शब्दांत दाखला लिहून शिक्का मारून दिला: 'सदर इसमाची किल्ली त्याच्या ताब्यात असून तिचं काम हरवलं आहे. शोध घेता मिळून आलं नाही.' ग्राहकमित्राने तो वाचला आणि फोनवर म्हणाला, "सर, तुमची विनंती योग्य त्या विभागाकडे पाठवली आहे." धाकट्यांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. वाक्य एकदम ओळखीचं होतं. ते इतकं रिकामं वाटतं, हे मात्र नवीन होतं.

रात्री बायको ओटा पुसत असताना ते दारात उभे राहिले.

"शनिवारी माणूस येणार आहे. बाबांची किल्ली लागेल म्हणतात. नाही दिली तर पुसली जाईल."

"मग मागा."

"आणि त्यांनी उघडून बघितली तर?"

"तर बघतील."

"तुला सोपं वाटतं सगळं."

"अहो, मला काहीही सोपं वाटत नाही," बायको फडकं पिळत म्हणाली. "आठवडाभर तो माणूस रोज तुम्हाला विचारतोय. तुम्ही रोज भाजीचं कौतुक करताय. काल मीठ विसरले होते मी."

शुक्रवारी दुपारी धाकटे ऑफिसमधून लवकर निघाले. बसमध्ये त्यांनी वाक्य पाठ केलं. जिन्यात परत एकदा म्हणून पाहिलं: "बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय." तिसऱ्या पायरीवर ते जमलं, सातव्या पायरीवर अर्ध्यावर राहिलं. दार उघडलं तर घर रिकामं. बायकोने आतून सांगितलं, "बाबा खाली गेलेत."

"खाली कुठे?"

"चार वाजलेत ना," बायको म्हणाली, जणू त्यात सगळं आलं.

धाकटे जिना उतरले. पार्किंगमध्ये त्या वेळी माणूस नव्हता. सेक्रेटरी दुपारी दोन ते पाच झोपायचे आणि इमारतही त्यांच्याबरोबर झोपायची. त्या शांततेत एक इंजिन घुरघुरत होतं. आवाज ओळखीचा होता. ज्या गाडीने आठवडाभर अख्ख्या इमारतीला दाद दिली नव्हती ती मांजरासारखी गुरगुरत होती, आत रेडिओवर जुनं गाणं लागलं होतं, सीट मागे सरकलेली होती, आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून थोरले बसले होते.

धाकटे खिडकीशी जाऊन उभे राहिले. थोरल्यांनी पाहिलं नाही. बाजूचं त्यांना दिसत नव्हतं. धाकटे तसेच एक मिनिटभर उभे होते, हातभर अंतरावर, आणि बाप समोरच्या भिंतीकडे बघत गाण्यावर बोट आपटत होता. मग ते फिरून गाडीच्या समोर गेले.

थोरल्यांनी रेडिओ बारीक केला आणि काच खाली घेतली. "लवकर आलास."

"बाबा, ही सुरू कशी झाली?"

"बटणाने."

"पण तुमच्या किल्लीत—" धाकटे थांबले.

"सेल नव्हता," थोरल्यांनी वाक्य पुरं केलं. "तू काढलास त्याच दिवशी कळलं. शर्ट अंगात घातला आणि खिसा हलका लागला. तीन ग्रॅम." त्यांनी किल्ली तळहातावर घेऊन दाखवली. "चौतीस वर्षं लोकांना खोट्या वजनाबद्दल दंड केला मी. माझ्याच खिशात कमी वजन घेऊन फिरू? संध्याकाळी घड्याळजीकडून सेल घालून आणला."

"म्हणजे गाडी..."

"गाडी सेल नसतानाही सुरू होते. पान एकशे बारा. सेल मी वजनासाठी घातला."

सोमवारी काय खटकलं होतं ते धाकट्यांना आता कळलं: नुसता सेल काढून बाबांची गाडी थांबणारच नव्हती.

"रोज चार वाजता येतो. दहा मिनिटं सुरू ठेवतो. नाहीतर बॅटरी बसली असती तुझी. तुला काय वाटलं, तुझ्या पुण्याईने चालते?"

"मग तुम्ही चालवली..."

"एक फूटही नाही. डॉक्टरांनी नको सांगितलंय ना?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"डोळ्यांत थेंब घातले होते रे, कानांत नाही. दार उघडंच होतं."

धाकट्यांना वाटलं, सायरन वाजावा. अख्खी इमारत सज्जात यावी, इंजिनियरांनी बोळा घेऊन यावं, कोणीतरी येऊन तोंड उघडा म्हणावं. कोणी आलं नाही. इंजिन चालू होतं.

"आठवडाभर मी वणवण करतोय," ते शेवटी म्हणाले. "तुमच्या खिशात चालू किल्ली होती. द्यायची ना."

"तू मागितली नाहीस. मी रोज विचारत होतो, काही लागलं तर सांग म्हणून. तू होईल म्हणालास." थोरले समोर बघत म्हणाले. "मला बघायचं होतं, मागतोस की परत शर्टात हात घालतोस."

"मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलंच. गाडी सुटण्याचं नाही वाटलं एवढं. माझ्या पोराला मला चार शब्द सांगता येत नाहीत, याचं वाटलं." त्यांनी रेडिओ बंद केला. "डॉक्टरांनी तुला काय सांगायला सांगितलं होतं?"

"तुम्ही ऐकलंत ना ते."

"डॉक्टरचं ऐकलं. तुझं नाही ऐकलं अजून."

 धाकट्यांना पाठ केलेलं वाक्य आठवलं नाही. आठवलं असतं तरी त्यात भलतीच प्रस्तावना होती.

"बाबा," ते म्हणाले, "आता गाडी तुम्ही चालवायची नाही. मला भीती वाटते."

थोरल्यांनी बटण दाबून इंजिन बंद केलं.

"बरं," ते म्हणाले.

एवढंच. ज्या एका 'बरं'साठी धाकटे वर्षभर आमटीचं कौतुक करत होते ते बाहेर पडायला श्वासभरही वेळ लागला नाही. थोरले हळूच उतरले, गाडीला हात लावत लावत दुसऱ्या बाजूला गेले आणि शेजारच्या सीटवर बसून त्यांनी पट्टा लावला. "बस. सेक्रेटरी उठायच्या आत बाहेर काढ हिला. आणि तुझी ती मेलेली दे इकडे."

धाकट्यांनी खिशातून ती चिकट, रबर गेलेली किल्ली काढून दिली. थोरल्यांनी ती तळहातावर तोलली. बराच वेळ.

"वजन पुरं आहे," ते म्हणाले. "काम शून्य. अशी मापं फार पाहिली मी." आणि परत दिली. "ठेव जपून."

गाडी गल्लीत लावून दोघं वर आले तेव्हा धाकट्यांनी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं. "तुला माहीत होतं? वर्षभर?"

"हो."

"मला सांगितलं नाहीस?"

"त्यांनी सांगू नको म्हटलं होतं. तुमचंही त्यांना सांगू नको म्हणून तुम्ही म्हटलं होतं. मी दोघांचं ऐकलं," बायको म्हणाली. "या घरात ऐकणारी मी एकटीच आहे."

शनिवारी कंपनीचा माणूस आला नाही, कारण धाकट्यांनी त्याला फोन करून येऊ नको सांगितलं. ग्राहकमित्राने कारण विचारलं. धाकटे म्हणाले, "किल्ली सापडली." तशी चौकट त्याच्याकडे नव्हती. रविवारी पार्किंगला रंग लागला, तो सोमवारी सेक्रेटरींच्याच चपलांना लागून दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला, पण ती वेगळी तक्रार आहे आणि ती योग्य त्या विभागाकडे आहे. पाऊण पगाराचा अंदाज फ्रिजच्या दारावर चिकटवलेला आहे. नवी किल्ली घ्यायची असं दर महिन्याला ठरतं आणि दर महिन्याला राहून जातं.

तोवर सोय अशी आहे. शनिवारी सकाळी धाकटे तयार होतात, मेलेली किल्ली खिशात टाकतात, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी वडिलांच्या खुर्चीसमोर, नीट समोर, जाऊन उभे राहतात.

"बाबा, किल्ली द्या."

"कुठे निघालास?"

धाकटे कुठे ते सांगतात. कोण कोण बरोबर आहे ते सांगतात. किती वाजता येणार ते सांगतात. बऱ्याचदा थोरलेच म्हणतात, "मी येतो," आणि शेजारी बसून समोर दिसेल तेवढा रस्ता सांभाळतात. बाजूचा धाकटे बघतात.

परत आल्यावर किल्ली त्यांच्या हातात जाते. थोरले ती लगेच खिशात घालत नाहीत. आधी क्षणभर तळहातावर धरतात. धाकटे समोर उभे राहून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत असतात. वजन भरलं की थोरले मान हलवतात, मग धाकटे चपला काढतात.